थिग्पेनबाईंचा एसी

लरेडोत जुलैच्या दुपारी तीन वाजता
कुत्रासुद्धा भुंकायचं उद्यावर टाकतो.
व्हर्ना थिग्पेन, वय एक्याऐंशी,
बर्फाच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या.
म्हणाल्या, "काल एक जण येऊन गेला.
टाय लावून आला होता, या उन्हात.
कॉम्प्रेसर गेला म्हणाला. सात हजार डॉलर."
'गेला' हा शब्द त्यांनी असा उच्चारला
की मी भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

मागच्या अंगणात कुंपणाला खेटून पेटी.
आधी डिस्कनेक्ट उपसला, खिशात टाकला.
आपला जीव दुसऱ्याच्या हाती ठेवू नये.
मग मीटर: चालू सॉकेटवर बघितला,
बंद तारांवर बघितला,
पुन्हा चालू सॉकेटवर.
एलूतेरिओमामाची शिकवण:
तारेवर विश्वास ठेवू नकोस,
मीटरवर तर मुळीच नाही.

मामा स्वतः मात्र कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने उतरवायचा.
ठो! निळी ठिणगी, आणि मामाचं हसू.
माझ्याकडे बोटाएवढा रेझिस्टर आहे.
तो धरून मी मनात वीस मोजते,
आवाज न होता सगळं निवतं.
यात काय मजा, म्हणाला असता.

डब्यावर लिहिलंय पंचेचाळीस अधिक पाच.
भरले चव्वेचाळीस पॉइंट एक आणि चार पॉइंट आठ.
सात उन्हाळ्यांत एवढी झीज माणसाचीही होते.
चालेल.

आता टायवाल्याचा कॉम्प्रेसर.
तारा सोडवण्याआधी फोटो काढला,
कुठला रंग कुठे, डोक्यात ठेवायचा नाही.
कॉमन ते रन: शून्य पॉइंट आठ.
कॉमन ते स्टार्ट: दोन पॉइंट एक.
रन ते स्टार्ट
(इथे मी श्वास धरते, दरवेळी)
दोन पॉइंट नऊ.
जुळली. पहिलीतलं पोर करील अशी बेरीज,
पण ती करायला गुडघे टेकून
तापल्या सिमेंटवर बसावं लागतं.
मग तांब्याचा पाइप खरवडला,
एक टोक तिथे, एक टोक टर्मिनलला:
मीटर म्हणाला, ओएल. वाट नाही.
वीज अंगाबाहेर कुठेच झिरपत नाही.
एरवी वाट नसणं वाईट.
इथे पेढे वाटावेत.

उरला कॉन्टॅक्टर.
कॉइल ठीक, चोवीस व्होल्ट येतायत,
खटका खाली ओढला जातोय
आणि तरी पलीकडे काही पोचत नाही.
झाकण काढलं.
दोन्ही पट्ट्यांच्या मधे मुंग्या,
भाजून, चेपून, काळ्या गुळासारख्या.

असं होतं ते:
एकीला शॉक बसतो. मरता मरता
ती अंगातून एक वास सोडते.
वासावर दुसरी धावून येते, मग तिसरी,
मग अख्खं वारूळ.

मामा सगळ्यांत आधी आला होता नदीच्या अलीकडे.
त्याने बोलावलं म्हणून रोहेलिओ,
मग आई, तिच्या कडेवर मी.
एका ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी माळ्यावर
डक्टला पट्टी लावता लावता मामा टेकला
तो उठलाच नाही.
दुसऱ्या दिवशी त्याचेच पक्कड-पाने घेऊन
मी त्याच माळ्यावर चढले.
काम अर्धं राहिलं होतं.

नवा कॉन्टॅक्टर बसवला.
फोटो बघून तारा परत जागच्या जागी.
डिस्कनेक्ट आत.
पंखा आधी कुरकुरला, मग फिरला,
आणि खाली कॉम्प्रेसर
जेवण झाल्यासारखा घुमू लागला.

बाईंनी बादलीतून एक पाय काढला,
दुसरा तसाच ठेवला, खात्री नसल्यागत.
एकशे चाळीस डॉलरचा चेक लिहिला,
अक्षर थरथरतं, आकडे ठाम.
"मग गेलं कोण?"
"मुंग्या."
जुना कॉन्टॅक्टर त्यांनी मागून घेतला,
चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिल्या.
"किती असतील गं?"

मी मोजल्या नव्हत्या.